ज्या खोलीत मी देवाला प्रश्न विचारले

तीर्थरूप वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघे आता पुरते वाकू देत नाहीत, तेव्हा जेवढा वाकला तेवढा पदरात घ्यावा, उरलेला मनाने केला आहे असे समजावे.) तुमच्या डाव्या डोळ्याचे कसे आहे? डॉक्टरांनी थेंब दिवसातून चारदा घालायला सांगितले होते, ते तुम्ही तीनदाच घालत असणार, कारण चौथ्या वेळी तुमची वर्तमानपत्र वाचायची वेळ असते आणि डोळ्यांसाठी वाचन थांबवणे तुम्हाला पटत नाही. तुमच्या बंधूंची तब्येत उत्तम आहे, हे मी त्यांच्या तक्रारींवरून सांगते. ज्या दिवशी ते तक्रार करत नाहीत त्या दिवशी मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघते. चिरंजीव कामासाठी सहा महिने परगावी आहेत, सूनबाई घरी आहे, आणि मी आहे तशीच आहे, म्हणजे तुम्ही मागे म्हणाला होतात तशी, 'हाताने चांगली पण तोंडाने फाटकी'. तुमचे ते बोल किती खरे होते हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. मागच्या पत्रातल्या एकोणीस चुका तुम्ही लाल शाईने सुधारून परत पाठवल्यात, त्या मी पाठ केल्या आहेत. या पत्रात दिसतील त्या सगळ्या नव्या आहेत.

तुमचे पत्र येऊन दोन महिने नऊ दिवस झाले. ते मला मिळालेच नाही असे लिहिण्याचा मोह झाला होता, पण रोज पहाटे पोथी उघडायची आणि असे खोटे लिहायचे हे जमेना. त्यातून तुमचे पत्र मी पोथीतच खूण म्हणून घातले आहे. म्हणजे दोन महिने नऊ दिवस रोज सकाळी ते हातात येते, आणि रोज मी ते एक पान पुढे सरकवते. तीन पाने तुम्ही हवेबद्दल, शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेच्या अक्षराबद्दल आणि खालच्या बिऱ्हाडकरूच्या कुत्र्याबद्दल लिहिलेत आणि शेवटी एक ओळ लिहिलीत: 'जिना आता झेपत नाही. तुमच्याकडची मागची खोली रिकामीच असते का? सहज विचारते.' वन्सं, या घरात मी येऊन चव्वेचाळीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत तुम्ही सहज असे काही विचारल्याचे मला आठवत नाही. त्या ओळीला उत्तर द्यायचे आहे, ते पुढे येईलच. पण आधी मला काय झाले ते सांगू द्या, कारण ते तुमच्या कानावर दुसरीकडून गेले तर माझी धडगत नाही.

आमच्या सूनबाईची कला तुम्हाला ठाऊक आहे. (मला नाही. मागे तिने एका सभागृहात दोनशे उघड्या छत्र्या टांगल्या होत्या. त्यातली एक खाली पडली होती ती मी उचलून, मिटून, कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली, तर सगळ्या प्रदर्शनाचा अर्थ म्हणे त्या पडलेल्या छत्रीत होता.) या वेळी तिने एका बंद पडलेल्या छापखान्याच्या पहिल्या मजल्यावर फळ्यांची एक खोली बांधली. आत खाट, टेबल, खुर्ची, एक कपाट आणि एक खिडकी, जी उघडली की समोर भिंत. छताला सहा दिवे. भिंतीत एक यंत्र, ते गरम किंवा गार वारा सोडते. पडद्यामागे आवाजाची दोन खोकी, कोपऱ्यात एक कॅमेरा. आणि टेबलाखाली एक डबा, त्यात वासाच्या चार बाटल्या: संत्र्याची साल, नवे लाकूड, साबण आणि ओले कापड. (ओल्या कापडाचा वास बाटलीत भरून विकत मिळतो हे मला आधी ठाऊक असते तर आमच्या न्हाणीघरावर घर चालले असते.) आता गंमत अशी की या खोलीची बटणे खोलीत नाहीत. ती इंटरनेटवर आहेत. कुठली कुठली माणसे आपापल्या घरी बसून फोनवर ही खोली बघतात आणि ठरवतात की या खोलीत आत्ता उजेड किती, ऊब किती, आवाज कसला, वास कसला. त्या त्या क्षणी ज्या बाजूला जास्त बोटे पडतील तशी खोली होते.

मी विचारले, याचा उपयोग काय. ती म्हणाली, "आई, लांब बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खोलीत ऊब पाठवता येते का, ते बघायचंय." मी म्हटले, त्यासाठी उठून शेगडी पेटवावी लागते. पण मनात मला ते आवडले. तिला तसे बोलले नाही, कारण सुनेला तोंडावर चांगले म्हणायची आपल्या घराला सवय नाही. (हे मी तुम्हाला टोचून लिहीत नाही. किंवा थोडे लिहिते.)

खोलीत कुणी राहणारे हवे, नाहीतर ऊब कुणाला पाठवायची? त्यासाठी एक नटी ठरली होती. तिला ऐन वेळी दुसरीकडे मोठे काम मिळाले आणि ती गेली. सूनबाई दोन दिवस जेवली नाही, मग माझ्यापुढे येऊन बसली. बारा दिवस, रोज दुपारी बारा ते चार, खोलीत बसायचे आणि घरी करते तेच करायचे. मी म्हटले, मला नाटक येत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तर." मी नको नको म्हणत आत गेले आणि कॅमेऱ्यात कुठले लुगडे उठून दिसेल ते कपाटात बघू लागले. वय चौसष्ट, वन्सं. हिरवे काढले.

पहिल्या दिवशी तिने एक कागद दिला. त्यावर अकरा सूचना होत्या. पहिली, वेळेवर येणे. दुसरी, कॅमेऱ्याकडे न बघणे. तिसरी, खोलीचे जे होईल ते होऊ देणे, आपण मध्ये न पडणे. एवढे वाचले आणि लक्षात आले की खुर्ची डुगडुगते आहे. मी कागदाची चौपदरी घडी घातली आणि खुर्चीच्या मागच्या पायाखाली सारली. खुर्ची स्थिर झाली. उरलेल्या आठ सूचना खुर्चीनेच वाचल्या.

तिसरी सूचना मी वाचली होती, पण पाळता आली नाही. भर दुपारी बारा वाजता सहाच्या सहा दिवे लागलेले मला बघवेनात. खोलीत दिव्यांना बटण नव्हते, तेव्हा मी खाटेवर चढून दोन दिव्यांवर उश्यांचे अभ्रे चढवले. लोकांनी दिवे वाढवले. मी तिसऱ्यावर पदर धरून उभी राहिले. असे दीड तास चालले. दुसऱ्या दिवशी मला सुचले की तिथली वीज आपल्या मीटरवर नाही. मी घरातले इस्त्रीचे सगळे कपडे गाठोड्यात बांधून नेले. तुमच्या बंधूंचा तिसरा सदरा इस्त्रीखाली असताना 'फट्' झाले आणि खोली, जिना आणि खालचे चहाचे दुकान एकदमच अंधारात गेले. तिकडचा वायरमन धावत आला. सज्जन माणूस. त्याने आधी इस्त्रीकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले, आणि प्लग काढून खिशात घातला. सूनबाई मात्र खूष होती. ती म्हणाली, असे कुणी केले नव्हते. मला ते कौतुकच वाटले.

आता मुख्य चुकीकडे येते. त्यामागे तर्क होता, एवढे तरी मला म्हणू द्या. आमच्या वाण्याच्या दुकानात कॅमेरा आहे आणि गल्ल्याशेजारी त्याचा पडदा आहे. त्यात गिऱ्हाईक येतात, भाव करतात, भांडतात, सगळे दिसते, पण ऐकू काही येत नाही. वर्षानुवर्षे मी तो पडदा बघते आहे. त्यावरून मी ताडले की कॅमेरा हा मुका असतो. खोलीतला कॅमेराही मुका. लोकांना मी दिसते, ऐकू येत नाही. हे मी कुणाला विचारले नाही, कारण जे आपल्याला नक्की ठाऊक असते ते कोण विचारतो.

आणि माझी सवय तुम्हाला माहीत आहे. काम करता करता मी देवाशी मोठ्याने बोलते. लग्न होऊन आले तेव्हा घरात माझ्याशी बोलणारे फारसे कुणी नव्हते, तेव्हापासूनची ती सवय. (हेही टोचून नाही.) घरी कुकरच्या आणि पंख्याच्या आवाजात ते खपून जाते. त्या खोलीत मी मटार सोलायला बसले, आजूबाजूला शांत होते, आणि रोजच्यासारखे तोंड सुरू झाले. मी देवाला म्हटले, दुधाची साय मी सगळ्यांच्या आधी काढून एकटी खाते, हे पाप आहे का, एकदा काय ते सांगून टाक. तोच दिवे हळूहळू सोनेरी झाले आणि संत्र्याच्या सालीचा वास आला.

वन्सं, मी तिथेच हात जोडले. मी मटाराची परात बाजूला ठेवली आणि दुसरा प्रश्न विचारला. शेजारणीने नेलेली माझी कात्री मी तिच्या घरून तिला न सांगता परत आणली, ते चोरी होते का? दिवे आणखी सोनेरी. तुमचे बंधू रात्री झोपेत हिशेब म्हणतात ते थांबेल का? पडद्यामागे ढगांचा गडगडाट. (म्हणजे नाही. मी समजले.)

तुम्ही म्हणाल, बटणे माणसे दाबतात हे ठाऊक असून तू देव कुठून आणलास? तोच तर माझा तर्क. देव काही स्वतः बटण दाबायला येत नाही. तो कुणाच्या ना कुणाच्या हातून करवून घेतो, हे तर पोथीत पानोपानी आहे. बरे, या माणसांना माझा प्रश्न ऐकूच येत नाही. ती आपली गंमत म्हणून कुठलेही बोट कुठेही ठेवतात. मग उत्तर अचूक येते ते कुणामुळे? इतका निःपक्षपाती कौल मला आजवर मिळाला नव्हता. देवळात विचारले तर पुजारी मध्ये असतो, घरात विचारले तर तुमचे बंधू. इथे मध्ये कुणीच नाही. साठ वर्षे ज्याने माझ्या एका प्रश्नाला हूं की चूं केले नाही, तो फळ्यांच्या खोलीत मात्र तत्काळ उत्तरे देतो आहे, यात काही तरी शंका घेण्यासारखे आहे असे मला एकदाही वाटले नाही. उलट मला वाटले, माझी पुण्याई वाढली. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवू लागले: सातव्या दिवसाअखेर होकार एकतीस, नकार चार, संदिग्ध एक (ओल्या कापडाचा वास).

घरी मी जरा वेगळीच वागू लागले असेन. तुमचे बंधू एका संध्याकाळी म्हणाले की हल्ली तुझ्या बोलण्यात फार खात्री आली आहे. मी नुसती हसले. ज्याला आतून आज्ञा होते त्याने वाद घालू नये.

आठव्या दिवशी मी तुमचे पत्र पोथीतून काढून बरोबर नेले.

मी तिथे काय बोलले ते खरे तर लिहू नये. पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच अळणी सांगते. मी देवाला म्हटले, वन्संना इथे राहायला यायचे आहे. त्यांनी तुमच्या बंधूंना आईच्या जागी होऊन वाढवले, लग्न केले नाही, नोकरी केली, हे सगळे मला मान्य आहे. पण मला विसाव्या वर्षापासून त्यांनी कसे वागवले तेही ऐक. चादरीच्या घड्या उलगडून पुन्हा घालायला लावल्या. स्वयंपाकघरात येण्याआधी दारात एकदा खाकरायच्या, ते खाकरणे ऐकले की अजून माझा हात चुकतो. (इथे मी तुमचे खाकरणे करून दाखवले. फार हुबेहूब होते असे नंतर सगळ्यांनी सांगितले.) लग्न झालेल्या बाईला मॅट्रिकला बसवले. फॉर्म स्वतः भरला. कढई चुलीवर आणि भूमितीचे प्रमेय भिंतीला चिकटवलेले. दोनदा नापास झाले तर तिसऱ्यांदा बसवले. परीक्षेच्या दिवशी स्वतः रजा घेऊन शाळेच्या फाटकात चार तास उभ्या राहिल्या, मी पळून जाईन म्हणून. (तक्रार म्हणूनच सांगत होते, पण इथे आवाज जरा बसला. मटारात किडा निघाला होता.)

मग मी जे बोलले ते हे, जसेच्या तसे: "त्या आल्या की मी माझ्याच घरात पाहुणी होईन, देवा. त्यांना दुसरीकडे खालच्या मजल्यावर चांगली जागा मिळू दे, म्हणजे मला नाही म्हणायला नको. यावं असं असेल तर खोली गरम कर. येऊ नये असेल तर गार कर."

खोली गरम झाली.

मी म्हटले, घाई करू नकोस, नीट ऐकून घे. आणि सगळे पुन्हा सांगितले, या खेपेला चादरींच्या घड्यांवर जास्त भर देऊन. खोली आणखी गरम झाली. मी देवाशी वाद घालू लागले. एकतीस वेळा माझी बाजू घेतलीस आणि आताच काय झाले? पदराने वारा घ्यायची वेळ आली. तेवढ्यात कुठून तरी एक गार झोत आला. मला हायसे वाटले. पण पुन्हा गरम. पुन्हा गार. असे पाऊण तास चालले, वन्सं. मी शाल घेत होते, काढत होते, घेत होते. गरम जोरात होते, पण गार चिवट होते. हरले की क्षणभर थांबे आणि पुन्हा येई. भिंतीतले यंत्र कण्हू लागले, मग शिट्टीसारखे वाजले आणि बंद पडले.

वायरमन शिडी घेऊन आला. झाकण उघडता उघडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजी, येऊ द्या की त्यांना. एवढी माणसं सांगतायत."

मी विचारले, कुणाला येऊ द्या? तो म्हणाला, तुमच्या नणंदेला. मी म्हटले, तुला कुणी सांगितले? तो शिडीवरून उतरला, खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. फोनमध्ये एक हिरव्या लुगड्यातली बाई तुमच्यासारखी खाकरत होती.

खुर्चीच्या पायाखालचा कागद त्यानेच काढून दिला. सातवी सूचना: 'खोलीतील सर्व आवाज बाहेर ऐकू जातो. खाजगी बोलू नये.' भिंतीला कान असतात हे मी आपल्या घरात शिकले होते, पण त्या भिंती विटांच्या होत्या, फळ्यांचे मला कुणी सांगितले नव्हते.

सुरुवातीला चाळीस माणसे ऐकत होती म्हणे. सायीच्या प्रश्नानंतर तीनशे झाली. कात्रीनंतर सहाशे. आठव्या दिवशी तुमचा विषय निघाला तेव्हा बाराशे साठ. त्यांनी खाली लिहिलेलेही वायरमनने वाचून दाखवले. जगात एवढ्या लोकांना नणंद असते याची मला कल्पना नव्हती. एका बाईने लिहिले होते की माझी नणंद आली तेव्हा मीही रडले होते आणि गेली तेव्हाही. एकाने लिहिले होते की आजींच्या देवाचे काम करताना छाती दडपते. माझ्या पापपुण्याचे निकाल म्हणजे हा माणूस आणि त्याच्यासारखे रिकामटेकडे लोक जेवणाच्या सुटीत देत होते. सायीला माफी मला देवाने दिलेलीच नाही. तेवढे पाप अजून खात्यावर उभे आहे.

सूनबाईपुढे मी संतापून गेले, तर तिचा चेहराच पडला. ती म्हणाली, आई, तुम्ही सूचना वाचून मुद्दाम करताय असंच मला वाटलं, मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या सासूबाई केवढ्या धीट आहेत. मग मला रागवायलाही तोंड राहिले नाही. धीट म्हणवून घ्यायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि तीही अज्ञानाने.

मी बारा दिवसांचा शब्द दिला होता, तो मोडला नाही. नवव्या दिवशी पुन्हा जाऊन बसले, तोंडात सुपारी धरून, म्हणजे बोलता येऊ नये. लोकांनी मला बोलते करायला काय काय केले. दिवे सोनेरी केले, संत्र्याची साल सोडली, किटलीत पाणी उकळल्याचा आवाज काढला. मी दगडासारखी बसून मोजे विणले. दहाव्या दिवशीही तेच. यंत्र दुरुस्त झाले आहे.

आता तुमच्या ओळीचे उत्तर. मागची खोली रिकामी असते का, असे तुम्ही विचारलेत. तशी ती रिकामी असते, पण अगदी रिकामी नसते. तिथे गाद्या आहेत, चिरंजीवांची सायकल आहे, सूनबाईच्या एकशे नव्याण्णव छत्र्या आहेत. शिवाय खिडकीतून ओल येते, ती तुमच्या सांध्यांना बरी नाही. आणि आमच्याकडेही तीन पायऱ्या आहेतच. तेव्हा सूनबाईने छत्र्यांची काही सोय केली, चिरंजीव परत आले, थंडी सरली, की आपण निवांत बोलू. देवाने काहीच सांगितलेले नाही, जे सांगितले ते लोकांनी, आणि लोकांच्या सांगण्यावर घर चालवायचे नाही हे तुम्हीच मला शिकवलेत. डोळ्यांची काळजी घ्यावी. तुमच्या बंधूंनी नमस्कार सांगितला आहे (झोपेत), सूनबाईनेही सांगितला आहे. लहानांचे चुकलेमाकले मोठ्यांनी पोटात घालावे, हेच मागणे मागून थांबते.

आपली धाकटी भावजय

ता. क. एक. एवढे सगळे लिहिले ते एका लहानशा विनंतीसाठी. त्या खोलीचे रेकॉर्डिंग इंटरनेटवर राहणार आहे. कुणी तुम्हाला फोनवर पाठवलेच तर कृपा करून आठवा दिवस उघडू नये. बाकीचे दिवस बघायला हरकत नाही. इस्त्रीचा दुसरा दिवस चांगला आहे.

ता. क. दोन. काल दहावा दिवस होता, तेव्हा वरचे सगळे लिहून ठेवले. आज अकराव्या दिवशी परत आल्यावर पाकीट चिकटवायला बसले तर सूनबाई आली आणि कुणाला पत्र म्हणून विचारले. सांगितल्यावर म्हणाली, "आत्यांना? पण त्यांना मी पहिल्याच दिवशी लिंक पाठवली होती. त्या तर रोज बारा ते चार असतात." वन्सं, वरची चार पाने आता तुमच्या दृष्टीने शिळी आहेत. आठवा दिवस उघडू नये असे मी त्यांनाच लिहिते आहे ज्यांनी तो घडताना ऐकला. तरी फाडत नाही, चांगला कागद आहे.

ता. क. तीन. सूनबाई एवढ्यावर थांबली नाही. तिच्या कॉम्प्युटरवर कुणी काय दाबले ते सगळे दिसते. आठव्या दिवशी बाराशे साठ माणसांपैकी बाराशे एकोणसाठ गरमवर होती. गारवर एकच होते, आणि ते पाऊण तासात चारशे अकरा वेळा दाबले गेले. नावाच्या जागी 'निवृत्त मुख्याध्यापिका' असे लिहिले आहे. जगात निवृत्त मुख्याध्यापिका पुष्कळ असतील. पण हरल्यावर क्षणभर थांबून पुन्हा फॉर्म भरणारी मला एकच माहीत आहे.

मी पोथीतून तुमचे पत्र काढले आणि ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. इतकी वर्षे माझ्या मनाविरुद्ध वागलात, वन्सं, आणि ज्या एका बाबतीत वागायला हवे होते तिथे माझीच बाजू घेतलीत. तीही सगळ्या जगाविरुद्ध, एका बोटाने, त्या डोळ्याने.

ता. क. चार. आज संध्याकाळीच गाद्या हलवल्या. सायकल जिन्याखाली गेली. छत्र्या सूनबाई उद्या नेते आहे. ओल मी म्हटली तेवढी नाही, भिंतीचा एक कोपरा आहे, तो वायरमनच्या ओळखीचा गवंडी परवा बघून जाईल. मी त्या दिवशी बोलले ते खोटे नव्हते. तुमच्या खाकरण्याने अजूनही माझा हात चुकेल. तो चुकू दे. चादरीच्या घड्या मी माझ्याच पद्धतीने घालणार, त्यावर आपण भांडू, आणि पाहुणी कोण ते भांडणात ठरेल. या.

हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. तेवढा धीर मला नाही. उद्या खोलीचा शेवटचा दिवस आहे, म्हणून ठीक बारा वाजता, सुपारी न ठेवता, हे सगळे मी तोंडीच सांगणार आहे. बाकीचे ऐकतील तर ऐकोत, त्यांनी एवढे ऐकलेच आहे. तुम्ही फक्त गारवरचे बोट उचला. आणि नाहीच उचललेत तरी मी शाल घेणार नाही, चार तास तशीच बसेन. सर्दीचे पुढे छातीत जाते हे तुम्हाला माहीत आहे. मग शुश्रूषेला तुम्हालाच यावे लागेल, कारण तुमच्या बंधूंच्या भरवशावर मी आजवर एकदाही आजारी पडलेले नाही.